शोकेसमधला मुठ्या

शार्दूल डुबलचा मुठ्या ताकात पडून वारला, तेव्हा राज्य अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्याला बारा दिवस उरले होते.

'वारला' हा शब्द उगाच वापरलेला नाही. त्या काळी मूठगणक, म्हणजे दोन्ही हातांत धरून खेळायचा छोटा संगणक, लोक आयुष्यात एकदाच घेत. लाडानं त्याला मुठ्या म्हणत. दरवर्षी नवं मॉडेल, आणखी वेगवान चिप, आणखी मोठा पडदा, हा जुना धंदा केव्हाच बंद पडला होता. मुठ्या लहान आणायचा आणि वाढवायचा. त्याच्या आत 'अंकुरचिप' असे. उजेडात ठेवली की ती चार्ज होई, आणि चार्ज होता होता स्वतःच्या जोडण्या थोड्या उसवून सोळा वेगवेगळ्या तऱ्हांनी पुन्हा विणी. मग त्या सोळा तऱ्हा मालकापुढे एकेक करून मांडून बघे. मालकानं जी सर्वांत जास्त जपली ती ठेवायची, उरलेल्या पंधरा मोडायच्या. बाहेरचं अंगही चिपच्याच हुकमतीत होतं. ते मऊ पडे, टणक होई, गार लागे, थरथरे, गरज पडली तर वाससुद्धा सोडी. नव्या गुणासाठी लागणारं सामान मात्र जुन्या गुणातूनच काढावं लागे. निसर्गाला माकडाचा माणूस करायला लाखो वर्षं लागली. मुठ्या तेवढं काम दोन-तीन वर्षांत उरकायचा, आणि निकाल पुष्कळदा जास्त बरा लागायचा.

कराडात शार्दूलच्याच पेठेत एक मास्तर होते. त्यांच्या मुठ्याला असा पडदा फुटला होता, की समोरून खेळ दिसे आणि बाजूनं हजेरीपट. बाळंतिणींचे मुठ्ये आपोआप आखूड होत, एका हातात मावतील एवढे. एका पैलवानाच्या मुठ्याचे कान मोडले होते. का, ते कुणी विचारलं नाही.

शार्दूलचा मुठ्या आठ वर्षांत त्याच्या बोटांत इतका मुरला होता, की शार्दूल दचकायच्या आत मुठ्या दचकायचा. आणि तोच आता ताकाच्या पातेल्याच्या तळाशी कोथिंबिरीखाली पडून होता.

शार्दूल सव्वीस वर्षांचा होता आणि स्पर्धेची वयोमर्यादाही सव्वीसच होती. जिंकणाऱ्याला यंदा पहिल्यांदाच पुण्याच्या वाणशाळेत, म्हणजे मुठ्यांच्या नव्या जाती जिथे पारखल्या जात तिथे, परीक्षकाची कायमची नोकरी मिळणार होती. काम काय, तर दिवसभर खेळायचं आणि संध्याकाळी मत द्यायचं. हरणाऱ्यासाठी मलकापुरात मामाचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान होतं. मामानं त्याच्या नावाचं स्टूलही आणून ठेवलं होतं आणि त्या स्टुलाचा फोटो तो अधूनमधून पाठवत असे.

"आई, शोकेसमधला मुठ्या दे."

विजयमालाबाईंनी त्याच्याकडे असं बघितलं, जणू त्यानं एक किडनी मागितली होती.

तो मुठ्या शार्दूलला तीन वर्षांपूर्वी जिल्ह्याचं बक्षीस म्हणून मिळाला होता. त्या दिवसापासून तो शोकेसमध्ये होता. डाव्या हाताला संगमरवरी ताजमहाल, उजव्या हाताला विजयमालाबाईंच्या लग्नात आलेला लेमन सेट, ज्याच्या सहा ग्लासांनी अजून लिंबाचं तोंड बघितलेलं नव्हतं. मुठ्यावरची प्लास्टिकची पिशवीसुद्धा काढलेली नव्हती.

"तो कशाला? तो चांगलाय."

"चांगलाय म्हणूनच मागतोय ना!"

"अरे, चांगलाय तर वापरून खराब कशाला करायचा? खेळायला काहीतरी साधं बघ की."

"राज्याची फायनल आहे, आई!"

"असू दे. लोकांचं लक्ष खेळाकडं असतंय, हातात काय आहे ते कोण बघतंय?"

हा वाद मिटायच्या आत दारावरची बेल वाजली. दारात डॉक्टर इरावती केळुसकर उभ्या होत्या. वाणशाळेच्या प्रमुख, मुठ्यांच्या उत्क्रांतीवर अधिकारानं बोलणाऱ्या बाई, हातात बाकरवडीचा डबा. विजयमालाबाईंनी डबा घेतला, तो पत्र्याचा आणि नक्षीदार आहे हे एका नजरेत टिपलं आणि न उघडता आत नेला.

"प्रत्येक मुठ्या आम्हाला एक आकडा कळवत असतो," केळुसकर बाई सांगू लागल्या. "जपणूक-अंक. मालक यंत्राला किती जपतो, शंभरापैकी. चांगल्या खेळाडूचा साठ-पासष्ट असतो. शार्दूलचा एकाहत्तर होता."

"होता," शार्दूल पातेल्याकडे बघत म्हणाला.

"पण या घरात दुसरा एक मुठ्या आहे. त्याचा अंक नव्याण्णव पूर्णांक चार! तीन वर्षांत एकदाही खाली आला नाही. जगात असा खेळाडू मी पाहिलेला नाही. कोण खेळतं त्यावर?"

"माझाय तो," विजयमालाबाई पदर सावरत म्हणाल्या.

बाईंनी वही काढली. "रोज किती तास खेळता?"

"अगं बाई, त्याला हात कोण लावून देतंय!"

केळुसकर बाईंचं पेन थांबलं. त्या उठून शोकेससमोर गेल्या आणि काचेला नाक लावून बघू लागल्या. आतला मुठ्या ताजमहालापेक्षा पांढरा आणि लेमन सेटपेक्षा नाजूक दिसत होता. त्याच्यावर धुळीचा कण नव्हता, कारण धूळ जवळ आली की तो बारीकसा शहारायचा आणि ती ताजमहालावर जाऊन बसायची. प्लास्टिकची पिशवी तर त्यानं कातडीसारखी अंगात मुरवून घेतली होती.

"चूक आमचीच आहे," बाई हळूच म्हणाल्या. "माणूस जे जपतो ते टिकव, असं आम्ही चिपला शिकवलं. जपतो म्हणजे वापरतो, हे आम्ही धरून चाललो."

"म्हणजे तुमच्या घरी चांगल्या वस्तू वापरतात?" विजयमालाबाईंनी विचारलं. आवाजात काळजी होती.

"तीन वर्षं या मुठ्यावर एकच दाब होता. कुणी हात लावू नये. कुणी जवळ आलं की तुम्ही ओरडायचात, अंक वर जायचा. त्यामुळे ज्या तऱ्हेला बघून माणसाचा हात मागे येतो, तीच तऱ्हा दरवेळी टिकली. हा खेळायचं यंत्र राहिलेला नाही, ताई. न वापरलं जाण्यात हा जगात पहिला आलाय."

"पोरगं कुठंतरी पहिलं आलं म्हणायचं," विजयमालाबाई शार्दूलकडे बघून म्हणाल्या.

"बरं, मग मी दुसरा घेतो कुणाचातरी," शार्दूल म्हणाला.

बाईंचा चेहरा पडला. "आज सकाळी वाणवाटप झालं." अंतिम सामन्याच्या आधी वाणशाळा सर्वांत जास्त अंकाच्या मुठ्याची जडणघडण राज्यातल्या सगळ्या मुठ्यांना पाठवत असे, म्हणजे दोन्ही खेळाडूंचं यंत्र सारखं आणि उत्तम. "चाळीस लाख मुठ्यांमध्ये हेच वाण गेलंय. आठवड्याभरात सगळे असे होतील."

"परत घ्या की मग!"

"घेता येतं. एक बटण दाबायचं." बाईंनी पर्समधून स्वतःचा मुठ्या काढला. वाण त्यात सकाळीच पोचलं असावं. नुकतंच खोकं उघडल्यावर येतो तसा कोऱ्या वस्तूचा वास खोलीभर पसरला. बाईंनी अंगठा बटणापाशी नेला. झोपलेलं तान्हं मूल दचकावं तसा मुठ्या थरथरला. अंगठा मागे आला.

"दाबा ना, मॅडम."

"दाबते ना. दाबतेच." त्यांनी ओढणीच्या टोकानं एक कोपरा पुसला. "फार गोड दिसतोय, नाही?"

"कापडी पिशवी देऊ का?" विजयमालाबाई म्हणाल्या. तेवढ्या वेळात त्यांना शास्त्राबद्दल बराच आदर वाटू लागला होता.

अंतिम सामना पुण्याच्या एका सभागृहात, चार हजार प्रेक्षकांसमोर झाला. शार्दूलसमोर लातूरची अफसाना तांबोळी होती. पाच वर्षांत तिला कुणी हरवलं नव्हतं. शार्दूलनं मुठ्या उसना आणला होता, पण दोघांच्या हातांत शोकेसच्याच वाणाचे मुठ्ये होते, काचेसारखे लखलखीत. पंचांनी शिट्टी वाजवली.

कुणीच काही केलं नाही.

"कर की सुरू," दहा मिनिटांनी शार्दूल म्हणाला.

"मी कामून करू?" अफसाना म्हणाली. "तूच कर. तुझा जरा वापरल्यासारखा दिसायलाय."

"कुठं? कुठं दिसतोय?" शार्दूल घाबरून आपला मुठ्या उलटसुलट करून बघू लागला.

"बघितलं? मनाला लागलं! कशाला आणलास मग? घरी ठेवायचास."

"तू का नाही ठेवलास?"

"अब्बा म्हणले, एवढं तिकीट काढलंय तर जाऊन ये."

समालोचकानं मात्र कमाल केली. "शार्दूल डुबलनं डावा अंगठा उचलला आहे... आणि परत ठेवला आहे! काय हा संयम! तांबोळीनं प्रत्युत्तरादाखल श्वास घेतला आहे." चाळिसाव्या मिनिटाला प्रेक्षकांतले कित्येक जण हुंदके देत होते. इतका सुंदर सामना कुणी पाहिला नव्हता.

शार्दूलला मात्र मामाचं स्टूल दिसत होतं. ते चार पायांवर उभं राहून त्याची वाट बघत होतं. नोकरी हवी तर जिंकायला हवं, जिंकायचं तर खेळायला हवं, आणि खेळायचं तर दाबायला हवं. मुठ्या थरथरला. शार्दूलनं डोळे मिटले, मनात कुणाकुणाची माफी मागितली आणि बटण दाबलं.

काही झालं नाही. त्यानं पुन्हा दाबलं. पडदा उजळला नाही, कारण तो आता पडदा नव्हताच. नुसती चकाकी होती.

"दाबलं!" मागच्या रांगेतून कुणीतरी किंचाळलं. एका बाईनं आपल्या मुलीच्या डोळ्यांवर हात ठेवला. पंच मऊ फडकं घेऊन धावत आले. मुठ्यावर शार्दूलच्या अंगठ्याचा ठसा स्पष्ट उमटला होता. पंचांनी तो तीन वेळा पुसला, प्रेक्षकांना दाखवला, आणि अफसाना तांबोळीला विजयी घोषित केलं. कारण विचारल्यावर ते म्हणाले, "हे काय विचारणं झालं?"

"अंधाऱ्या गुहेत एक मासा असतो," सामना संपल्यावर केळुसकर बाई शार्दूलला म्हणाल्या. "पिढ्यान् पिढ्या डोळ्यांचा उपयोग नाही, म्हणून त्याचे डोळेच गेले. तसं झालंय. चकाकी वाढवायला चिपला सामान लागलं, ते तिनं खेळातून काढलं. आत खेळ नाहीच रे आता."

शार्दूल मलकापुरात स्टुलावर बसला. तिथंही मजा नव्हती. अंकुरचिप काही फक्त मुठ्यांत नसे. पंखे, मिक्सर, लिफ्ट, सगळीकडे ती होती आणि ही यंत्रं एकमेकांकडून गुण उचलत. महिनाभरात लोक लिफ्टला हार घालून जिन्यानं चढू लागले. पंखे झुलत्या झुंबरासारखे देखणे झाले आणि त्यांच्याखाली माणसं वर्तमानपत्रानं वारा घेत बसली. मामाच्या दुकानात भांडी मात्र दणकून खपली, कारण जी पूर्वी वापरायला नेत ती आता ठेवायलाही नेत.

एका दुपारी केळुसकर बाईंचा फोन आला.

"शार्दूल, ती नोकरी अजून रिकामी आहे."

"अफसाना रुजू झाली नाही?"

"नेमणूकपत्र लॅमिनेट करून घेतलंय तिनं. म्हणते, इतकी छान नोकरी, रोज जाऊन जुनी कशाला करायची." बाईंनी आवाज खाली आणला. "ते पत्र साधं कागदाचं होतं रे. कागदात चिप नसते."

शार्दूल त्याच दिवशी पुण्याला गेला. वाणशाळेचे सगळे शास्त्रज्ञ बाहेर फाटकापाशी उभे होते. आतल्या खुर्च्या फार चांगल्या स्थितीत होत्या. केळुसकर बाईंनी त्याला चवड्यांवर चालत आत नेलं. एका टेबलावर त्यांचा मुठ्या ठेवला होता.

"वाण परत मागवायचा निरोप पाठवायचं बटण तेवढं अजून शाबूत आहे, मी पाहिलंय. ते दाबलं की वाण मागे येईल. पंखे फिरतील, खेळ परत उगवतील. आम्ही सगळ्यांनी प्रयत्न केला, कुणालाच जमलं नाही. अख्ख्या राज्यात बटण दाबलेला माणूस एकच आहे, आणि तो तू. म्हणून बोलावलं. हे दाबलंस की नोकरी तुझी, कायमची."

"एवढंच ना?" शार्दूल म्हणाला. "त्यात काय!"

त्यानं अंगठा पुढे केला. मुठ्या थरथरला, पण शार्दूलवर त्याचा काडीचाही परिणाम झाला नाही. फाटकापाशी उभे असलेले शास्त्रज्ञ आता खिडकीशी येऊन श्वास रोखून बघत होते. ते जसं त्या अंगठ्याकडे बघत होते, तसं त्याच्याकडे आजवर कुणी बघितलं नव्हतं. शार्दूलनंही तो आत्ताच नीट बघितला.

राज्यात एकच. जिल्ह्यात तो पहिला आला होता, पण तसे जिल्ह्याजिल्ह्यात पहिले आलेले होतेच. अमुक एक गोष्ट फक्त शार्दूल डुबललाच येते, असं त्याच्या सव्वीस वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं. आणि हे बटण एकदा दाबलं, की संध्याकाळपर्यंत राज्यातलं शेंबडं पोरही बटणं दाबत सुटणार होतं.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"काही नाही, मॅडम. दाबणारच आहे."

"मग?"

"दाबणारच आहे म्हटलं ना!" शार्दूल म्हणाला, आणि त्यानं तो अंगठा रुमालात गुंडाळून अलगद खिशात ठेवला.