नऊ टन वॉशबेसिन

खरं प्रेम माणसाला खोटं बोलू देत नाही, असं मोठमोठ्या लोकांनी लिहून ठेवलं आहे. प्रस्तुत प्रेमाची सुरुवात नऊ टन वॉशबेसिनच्या थापेने झाली.

थाप मारणारी एका मालवाहतूक कंपनीत स्वतंत्र एजंट जोडायचं काम करत होती. स्वतंत्र एजंट म्हणजे असा माणूस, ज्याचे माल पाठवणारेही स्वतःचे आणि ट्रकवालेही स्वतःच्या ओळखीचे. कंपनीने त्याला आपलं नाव, कागदपत्रं आणि भिंतीवरचं कॅलेंडर द्यायचं आणि उपकार केल्याचा चेहरा करायचा. तिमाही संपेपर्यंत असे दहा जण जोडले तर शाखा तिच्या हातात येणार होती. नाहीतर शाखेला कुलूप, आणि ती परत मुख्य कार्यालयाच्या तक्रार विभागात. तिथे तिने दोन वर्षं ‘आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ हे वाक्य इतक्या वेळा म्हटलं होतं, की घरी भाजीत मीठ कमी पडलं तरी तोंडून तेच निघे.

नऊ जण झाले होते. तारीख चोवीस होती. वार शनिवार.

दहावा म्हणून सगळ्यांनी एकाच माणसाकडे बोट दाखवलं. त्याला सगळे ‘चाळीस मिनिटं’ म्हणत. गाडी कधी मिळेल विचारलं की तो तेवढंच म्हणे, आणि चाळिसाव्या मिनिटाला गाडी दारात उभी असे. तीन कंपन्यांना त्याने नकार दिला होता. चौथीला त्याच्या ताईने.

कंपनीची एक पद्धत होती. एजंटाला भेटण्याआधी गिऱ्हाईक बनून खोटा फोन करायचा. गाडी आहे का विचारायचं, माणूस कसा बोलतो ते ऐकायचं, ‘साहेबांना विचारून सांगते’ म्हणायचं आणि ठेवून द्यायचा. तिने फोन लावला.

“काय माल आहे?” पलीकडून आवाज आला.

तिच्या समोर ऑफिसचं हात धुवायचं भांडं होतं. “वॉशबेसिन. नऊ टन.”

“फुटणारा माल... मध्ये भुसा घातलाय ना?”

भुसा हा शब्द कुणी इतक्या मायेने उच्चारलेला तिने आयुष्यात ऐकला नव्हता.

“घातलाय,” ती म्हणाली.

“शाब्बास! मग पाठवू का गाडी?”

इथे ‘साहेबांना विचारून सांगते’ म्हणायचं होतं. नऊ एजंटांना तिने ते बिनचूक म्हटलं होतं.

“पाठवा ना...” ती म्हणाली आणि ऑफिसचा पत्ताही देऊन बसली.

शुद्धीवर येऊन तिने पुन्हा फोन लावला, तर तो सारखा व्यग्र. चाळिसाव्या मिनिटाला ऑफिसच्या दारात ट्रक थांबला. पांढऱ्या मिशांचे ड्रायव्हरकाका उतरले, ताडपत्री सोडली, दोर गुंडाळला.

“मॅडम, माल?”

“काका, आधी मला त्यांच्याकडे घेऊन चला.”

“कुणाकडे? वॉशबेसिनकडे?”

“ज्यांनी तुम्हाला पाठवलं त्यांच्याकडे. तिथेच सांगते.”

काकांनी तिला नीट न्याहाळलं आणि केबिनचं दार उघडलं.

त्याचं ऑफिस टायरच्या दुकानाच्या वर होतं. तापल्या रबराचा वास, दोन फोन, दोन टेबलं. एका टेबलाशी ताई बिल्टी, म्हणजे मालाची पावती, लिहीत होती. दुसऱ्याशी तो. त्याने मान वर केली... आणि तिने वाटेत पाठ केलेलं सगळं भाषण जिन्यातच राहिलं.

“वॉशबेसिन नाहीत,” ती म्हणाली.

“फुटली?”

“नव्हतीच.”

खाली कुणीतरी टायरमधली हवा सोडली. बराच वेळ सुटत होती.

“मी कंपनीकडून... तुमची परीक्षा घेत होते.”

“पास झाला का?” ताईने मान वर न करता विचारलं.

तो मात्र हसला नाही. “काका पंचवीस किलोमीटरवरून रिकामे आलेत. माझ्या शब्दावर. बारा वर्षांत माझ्या शब्दावर आलेली गाडी रिकामी परत गेलेली नाही.”

“मग आजही जाणार नाही,” ती म्हणाली. हे कोण बोललं, म्हणून तिनेच मागे वळून पाहिलं.

“शनिवार आहे मॅडम. चारला कारखान्यांची फाटकं बंद होतात.”

“तो दुसरा फोन इकडे द्या.”

त्याने आपल्या सगळ्या गिऱ्हाइकांना फोन लावले. तिने आपल्या नऊ एजंटांना. मधूनच दोघांची नजर एकमेकांवर पडे आणि दोघंही घाईने चुकीचा नंबर फिरवत. तिचा घसा बसला, तेव्हा त्याने पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला. स्वतःचाच होता, हे दोघांच्याही नंतर लक्षात आलं. ताईच्या आधीच आलं होतं.

“मॅडम, आवाज आज वेगळाच येतोय,” पाचवा एजंट म्हणाला. “लग्नबिग्न ठरलं का?”

“माल आहे का ते बोला!”

चार वाजायला दहा मिनिटं असताना आठवा म्हणाला, “वॉशबेसिन नाहीत, पण कमोड आहेत. साडेआठ टन. गाडी जिथून आली, त्याच बाजूला जायचेत.”

तिने फोनवर हात ठेवला. “कमोड चालतील?”

“भुसा?” त्याने विचारलं.

“घातलाय.”

तेव्हा तो पहिल्यांदा हसला. ताईने नवी बिल्टी फाडून दिली. “घराणं तेच आहे, पाठव,” ती म्हणाली. काकांनी दोर खांद्यावर टाकला. “माल तो माल. आपल्याला थोडंच बसायचंय त्यावर?”

गाडी वळणावर दिसेनाशी झाल्यावर तो म्हणाला, “एका हाकेला नऊ जण धावले. एकट्याने मला हे जमलं नसतं.”

“दहावे तुम्ही व्हा ना...”

“होईन. पण एक अट. रस्त्यात अडलेल्या ड्रायव्हरचा फोन मलाच आला पाहिजे. तुमच्या त्या मदत क्रमांकावर नाही. मला ठाऊक आहे, तुमच्याकडे तसा नियम आहे.”

नियम होता. आणि नियम तिच्या साहेबांनी स्वतः लिहिलेला होता.

मधल्या दिवसांत दोघांचे एकवीस फोन झाले. त्यातले तीन मालाबद्दल होते.

बुधवारी ती साहेबांच्या खोलीत शिरली. “नियम म्हणजे नियम,” साहेब म्हणाले. तिने आपला फोन त्यांच्या टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला आणि कंपनीचाच मदत क्रमांक लावला.

“समजा साहेब, मी ड्रायव्हर आहे. घाटात टायर फुटलाय.”

“आपला कॉल आमच्यासाठी मोलाचा आहे,” फोन म्हणाला आणि बासरी सुरू झाली. साहेबांनी दोन फाइली पाहिल्या. चहा प्यायला. फोनने पुन्हा मोल सांगितलं. अकराव्या मिनिटाला साहेबांनी कपाळ धरलं.

“बंद करा हो ते!”

“अजून घाटातच आहे मी, साहेब.”

“मान्य! अट मान्य!”

ती दोन-दोन पायऱ्या उड्या मारत जिना उतरली. खाली पोचेपर्यंत बाविसावा फोन लागला होता.

गुरुवारी, एकोणतीस तारखेला, तो करार करायला आला. इस्त्रीचा शर्ट, भांग चापून. प्रत्येक पान वाचलं, प्रत्येक पानावर सही केली. मग पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

“अजून एक विचारायचं होतं... कामाचं नाही.”

“ताईंनी पाठवलंय?”

“ताई म्हणते, शनिवारपासून तुझी चाळीस मिनिटं चाललीत. तर मी म्हणतो... म्हणजे तुमची हरकत नसेल तर आपण—”

“थांबा!” तिने त्याच्या तोंडासमोर करार धरला आणि चौदाव्या कलमावर बोट ठेवलं. ‘भरती करणाऱ्याच्या नात्यातला एजंट उद्दिष्टात मोजला जाणार नाही.’

त्याचा चेहरा उतरला. “म्हणजे... नाही?”

“म्हणजे आज नाही. तिमाही एकतीसला संपते.”

“आणि एक तारखेला?”

“एक तारखेला विचारून बघा.”

“तोवर काही फुटलं-बिटलं तर?”

तिने कागद गोळा केले. गाल लाल झाले होते, पण आवाज पक्का होता. “फुटत नाही. मध्ये भुसा घातलाय.”

एकतीसला संध्याकाळी साहेबांचा फोन आला. दहाच्या दहा! शाखा तिची झाली. दाराच्या पाटीवर तिचा हुद्दा चढला. आईने फोनवर आधी आनंदाने रडून घेतलं, मग “आता स्थळं बघू ना?” असं विचारलं. “दोन दिवस थांब,” ती म्हणाली.

दोनच दिवस का, ते आईने कॅलेंडर पाहिलं असतं तर कळलं असतं. एक तारखेला रविवार होता, असलं उत्तर फोनवर द्यायचं नसतं, आणि रविवारी टायरच्या दुकानाचं शटर बंद असल्यामुळे वर जायचा जिना उघडत नाही.