ब्रेक ओला होता

ओपलताईला जुळं झालं ते वर्ष एकोणीसशे सत्तावन्न. तिच्या मदतीला म्हणून मी केंटकीच्या डोंगरातून वर ओहायोला, एरी सरोवराकाठच्या तिच्या घरी आले. ऑगस्टात दोन्ही पोरं रांगायला लागली आणि बाबांचा निरोप आला : आता व्हर्लाला परत पाठवा. टॉलबर्ट नावाच्या एका विधुर दुकानदाराने मला मागणी घातली होती आणि बाबांनी हो म्हणून टाकलं होतं. मला कोणी विचारलं नव्हतं.

माझी बस रविवारी सकाळी होती. शनिवारी दाजींच्या टायर कारखान्याची सहल होती, सरोवराकाठच्या पार्कमध्ये. दुपारी पाण्यावरून काळंकुट्ट आभाळ चालून आलं. लोक बटाट्याची कोशिंबीर आणि पोरंबाळं उचलून मंडपाकडे पळाले. मी उलट्या दिशेने पळाले. मला पार्कमधल्या लाकडी रोलर कोस्टरमध्ये बसायचं होतं. सकाळपासून तिथे ही रांग! आता चिटपाखरू नव्हतं. उद्या जायचंच आहे, तर आज एकदा पोटभर ओरडून घेऊ — एवढाच विचार.

फलाटावर पिवळा रेनकोट घातलेला एक तरुण उभा होता. हातात त्याच्याच उंचीचा लाकडी दांडा. तो ओढला की खालचा ब्रेक लागायचा आणि गाडी थांबायची.

"कपडे भिजतील, बाई," तो म्हणाला.

"भिजलेत."

"केस?"

"तेही."

"मग आता घाबरायला उरलं काय?"

"तेच बघायला आलेय."

तो हसला. पुढचा एक दात जरा तिरका होता... आणि कान लालबुंद. पलीकडे उभ्या असलेल्या बेनेक नावाच्या म्हाताऱ्याने अंगठा वर केला, यानेही केला, आणि गाडी सुटली. अख्ख्या गाडीत मी एकटी!

काय सांगू! साखळी खडखडत वर चढवते, वर सगळं सरोवर पांढरंफटक दिसतं, आणि मग पायाखालचं जगच काढून घेतल्यासारखं होतं. ओल्या रुळांवर गाडी नुसती पिसाटली होती. पाऊस गालांवर वाळूसारखा लागत होता. मी ओरडले, हसले, पुन्हा ओरडले.

फलाट आला. तो अंगाचा सगळा भार टाकून दांड्याला लोंबकळला होता. खालून चर्र आवाज आला, पण गाडी काही थांबेना. सरकत सरकत त्याच्यासमोरून निघाली.

"ब्रेक ओला झालाय!" तो ओरडला. "घाबरू नका! — नाव काय तुमचं?"

उत्तर द्यायच्या आत मी पुन्हा साखळीवर.

पुढच्या फेरीला मी तयारच होते. "व्हर्ला!"

"मर्ला?"

"व्हर्ला! व्ह!"

तेवढ्यात कुंपणापाशी दाजी दिसले, छत्रीशी झटापट करत. "व्हर्ला! उतर खाली आधी!" त्यांनी काळजी करू नये म्हणून मी अंगठा वर केला — मी मजेत आहे. गाडी पुढे निघाली. दांडा जागचा हलला नव्हता, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

तिसरी फेरी. "गाव कुठलं?"

"केंटकी! उद्या परत जातेय!"

त्याचं हसू मावळलं. "उद्या? का?"

ती पूर्ण फेरी मी ओरडायचं विसरले. एका अनोळखी माणसाचं तोंड उतरलं, तर मला त्याचं काय?

"बाबांनी लग्न ठरवलंय!" पुढच्या वेळी मी ओरडले.

तो दांडा सोडून फलाटाच्या कडेने गाडीबरोबर धावत सुटला. "आणि तुम्हाला तो—"

फलाट संपला.

मी चढणीच्या मध्यावर असताना वीज कडाडली. पार्कमधले सगळे दिवे विझले आणि साखळी गपकन थांबली. खाली बघायची सोय नव्हती. वारा सुटलेला, आणि मी आभाळाला टांगलेली.

रुळाशेजारच्या फळ्यांवरून, कठडा धरत, पिवळा रेनकोट वर येताना दिसला. धापा टाकत माझ्यापाशी पोहोचला.

"...आवडतो का?"

"एवढं विचारायला वर आलात?"

"छे! तुम्हाला उतरवायला आलोय. हे आपलं... वाटेत आठवलं."

"गाडी का थांबवली नाहीत?"

"ब्रेक ओला होता."

"दर वेळी?"

"पहिल्यांदा खरंच. दुसऱ्यांदा तुम्हीच अंगठा वर केलात. इथे अंगठा वर म्हणजे, सोडा गाडी. मी पडलो हुकमाचा ताबेदार."

"अहो, तो दाजींना होता!"

"अस्सं..." कान पुन्हा लाल.

"आणि तिसऱ्यांदा?"

त्याने नाकावरचं पाणी पुसलं. "तिसऱ्यांदा... मी ओढलाच नाही."

मला हसू आवरेना. तो मात्र हसला नाही.

"माझं नाव काझिमिर. काझ म्हणतात. हिवाळ्यात गोदीवर काम करतो. आईला पोलिशशिवाय काही येत नाही आणि तिच्या आंबट कोबीच्या वासाने शेजारी खिडक्या लावून घेतात. दुकानबिकान काही नाही. पण उद्याची बस... नको पकडूस, व्हर्ला."

तो अहोजाहो विसरला होता, आणि मला ते फार बरं वाटलं.

"त्या टॉलबर्टला मी दोनदा भेटलेय," मी म्हणाले. "माझ्याशी बोलताना तो बाबांकडे बघतो."

काझ माझ्याकडेच बघत होता. पावसाने पापण्या मिटत होत्या, तरी बघत होता.

अचानक दिवे आले. साखळीला हिसका बसला. मी त्याची बाही धरून त्याला आत ओढला. तो शेजारी कोसळला, आणि आम्ही चढू लागलो.

"उत्तर राहिलं!" तो म्हणाला.

माथा आला. जग पुन्हा पायाखालून निसटलं.

"नाही जाणार!" मी किंचाळले.

"काय? ऐकू नाही आलं!"

"नाही जाणार म्हणतेय, बहिऱ्या!"

त्याने अशी आरोळी ठोकली की पावसालाही दचकायला झालं असेल.

या वेळी दांड्यावर बेनेक होता. गाडी फलाटाशी अलगद थांबली.

दाजींची छत्री पार उलटी झाली होती. "उतर. सामान बांधायचंय तुझं."

"नाही बांधणार, दाजी."

ते काझकडे बघत राहिले. "हा कोण? काय करतो?"

"ब्रेक लावतो," बेनेक म्हणाला. "म्हणजे, पगार त्याचाच घेतो."

घरी हे ऐकून ओपलताई पोटभर हसली. बाबा वर्षभर बोलले नाहीत. आमचं लग्न त्याच ऑक्टोबरात, पोलिश चर्चमध्ये झालं आणि तीन मुलं झाली. काझिमिर दोन हजार तीन साली, फेब्रुवारीच्या नऊ तारखेला, न्यूमोनियाने वारला.