कोंडीबाच्या घरातलं जातं

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्याबाबतीत घडलंय. रात्र नव्हती, अमावस्याही नव्हती. फेब्रुवारीतला मंगळवार, दुपारचे पावणेबारा, जत तालुक्यातलं एक गाव. गावाचं नाव सांगणार नाही. ती माणसं अजून तिथंच राहतात.

मी अंकिता, इस्लामपूरची. सांगलीत कॉलेजला आहे. बालविवाहावर आठ मिनिटांची डॉक्युमेंट्री करायची होती. कॅमेरा वर्गातल्या ऋषिराजकडं, आवाजाचं रेकॉर्डिंग माझ्याकडं.

कोंडीबा आमचा हुकमी एक्का. थोरली मुलगी रेश्मा त्यानं पंधराव्या वर्षी उजवली. सोळाव्या वर्षी बाळंतपणात ती गेली.

कॅमेऱ्यासमोर त्यानं हात जोडले. "माझी चूक झाली. धाकट्या मंगलला शिकवणार मी. अठराच्या आत लगीन न्हाई म्हंजे न्हाई."

ऋषिराज खूश. फिल्मला शेवट मिळाला.

नववीतली मंगल दाराला टेकून उभी होती. काहीही विचारलं की आधी बापाकडं बघायची. मला ते खटकलं.

शूटिंग झालं की त्या खोलीतली नुसती शांतता आम्ही मिनिटभर रेकॉर्ड करतो. एडिटिंगला लागते. मी सगळ्यांना बाहेर काढलं. पंखा बंद केला, दार लोटलं, हेडफोन लावले.

दहा सेकंद... काही नाही.

वीस...

घर्रर्र...

दगडावर दगड फिरत होता. मधेच काहीतरी कडकन फुटायचं. आणि प्रत्येक फेऱ्याला... बांगड्या.

मी हेडफोन काढले. खोली गप्प.

परत लावले.

घर्रर्र...

 मी दार उघडून बाहेर आले. दगडाबाई, म्हणजे मंगलची आई, अंगणात होती.

"मावशी, इथं कुणी जात्यावर दळतंय का?"

तिच्या हातातला तांब्या तिथंच थांबला.

"जातं न्हाई आमच्यात. रेश्मा गेली तवाच टाकून दिलं."

"चला, तुमास्नी उशीर हुतोय," कोंडीबा मधेच म्हणाला.

आम्हाला कसलाही उशीर होत नव्हता.

परत येताना माझा संशय ऋषिराजवर. असले चावट उद्योग त्याला जमतात. पण रेकॉर्डरला त्याचा हातच लागला नव्हता.

घरी आईला ते ऐकवलं. कुठलं, काय, काही सांगितलं नाही.

"कुणाच्यात लगीन हाय गं?" आई म्हणाली.

"लग्न?"

"हळद दळत्यात की. फुटतंय ते हळकुंड. ज्वारी अशी वाजत न्हाई." मग ती स्वतःच थबकली. "पर हळद दळायला पाच सवाष्णी बसत्यात. हितं एकीच्याच बांगड्या हायत..."

रात्रभर मला झोप नाही. सकाळी ऋषिराजला गाठलं.

"कोंडीबा खोटं बोलतोय. त्या घरात लग्न ठरलंय."

"पुरावा काय? टाकून दिलेलं जातं?" तो हसला. "रविवारी स्पर्धा आहे. कोंडीबाला काढलं तर फिल्ममध्ये उरतं काय?"

तो आवाज त्यानं माझ्यासमोर पुसला. मी गप्प बसले. बक्षीस मलाही हवं होतं. लाज वाटते, पण खरं तेच आहे.

पहिला नंबर आला. फिल्म गावातल्या मोबाईलवर फिरली.

मला मात्र मंगल दिसत राहायची. दाराला टेकलेली, बापाकडं बघणारी. पंधरा दिवसांनी न राहवून मी मुलांच्या हेल्पलाईनला फोन केला. चौकशीला त्यांचे दोघंजण गेले. कोंडीबानं त्यांना बसवलं. मोबाईल काढला.

आणि आमचीच फिल्म दाखवली.

चहा पिऊन ते परत आले.

आठवडा गेला. दगडाबाईचा फोन आला.

"मंगलचं लगीन झालं. पलीकडं, कर्नाटकात."

"कुठल्या गावात?" मी विचारलं. तिनं ते टाळलं.

"त्यो आवाज मला बी येत हुता, पोरी. महिनाभर. वाटलं, माझंच डोस्कं फिरलंय. मालकाम्होरं बोलायची सोय न्हाई. तू दळायचं इचारलंस, आन माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, परक्या माणसाला बी ऐकू आलं... आता ही पोरगी काय तरी करंल."

"मावशी..."

"मंगल गेल्यापासनं घर पार गप हाय. रेश्मा तिच्यासंगं गेली असंल का गं? का आमच्यावर रुसून गेली?"



आता दर आठवड्याला मी फोन करते. मंगलचा पत्ता विचारते. दगडाबाई रडते, पत्ता देत नाही.

काल फोन कोंडीबानं उचलला. आवाज अगदी गोड.

"आमची फिल्म शाळाशाळांत दावत्यात म्हनं. परत कवा येताय शूटिंगला?"

मी फोन कट केला. रेश्मा कुठं गेली, मला माहीत नाही. मंगल कुठं आहे, तेही नाही.