सवतीचं हळदीकुंकू

हे खरं घडलंय. माझ्याच बाबतीत. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, कुणाला पटवत बसायची ताकद आता माझ्यात नाही.

आणि हो, रात्र वगैरे नव्हती. शनिवार, १२ ऑक्टोबर २०२४. दसरा. दुपारचे चार. नेदरलँड्समधलं फेल्डहोवन.

मी ऋता. माझा नवरा सौमित्र इथे इंजिनिअर आहे. त्या वर्षी मे महिन्यात त्याने एक जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार घेतली. १९७१ची, गडद हिरवी, टप उघडणारी. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. अष्टकोनी बिल्ला म्हटलं की गाडीवाल्यांना कळेल.

दोनच सीट होत्या तिला.

आमच्या घरी तेव्हापासून दुसरा विषयच नव्हता. आमटी गार व्हायची आणि हा सांगत असायचा, "अगं, ऑक्सफर्डच्या एका गॅरेजमधून सुरुवात झाली. मग अ‍ॅबिंग्डनला फॅक्टरी. १९८०च्या ऑक्टोबरमध्ये तिला कुलूप लागलं, लोक रडले गं! पण नाव नाही मेलं. मालक बदलत गेले, नाव राहिलं."

फॅक्टरी बंद पडल्याचा महिना पाठ. आमच्या लग्नाच्या वाढदिवसाची आठवण मात्र मीच करून द्यायची. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

गाडी विकणारे विलेम आजोबा ऐंशीच्या घरातले. किल्ली देताना त्यांनी ड्रायव्हरशेजारच्या सीटवर हात ठेवला. म्हणाले, "ही माझ्या हॅनीची जागा. बावन्न वर्षं. ती गेली गेल्या वर्षी. सख्ख्या बहिणीलासुद्धा इथे बसू दिलं नाही तिने."

मी हसले. पण खरं सांगते, मला हेवा वाटला. माझ्यासाठी कुणी बावन्न दिवस तरी जागा राखली असती का?

पहिल्या रविवारी मी त्या सीटवर बसले आणि गुडघे समोर आपटले. सीट पार पुढे ओढलेली होती. मी पाच फूट सात इंच. मी ती मागे सारली.

पुढच्या रविवारी... पुन्हा पुढे.

त्याच्या पुढच्या रविवारीही.

"सौमित्र, ही सीट कोण पुढे घेतं?"

"जुनी गाडी आहे गं. सरकत असेल."

आणि एक वास यायचा... काळ्या खारट ड्रॉपच्या गोळ्यांचा. इथली म्हातारी माणसं दिवसभर चघळतात त्या. आमच्या घरात त्या कुणालाच आवडत नाहीत.

दसऱ्याला आम्ही भाड्याच्या गॅरेजमध्ये गाडीची पूजा करायला गेलो. झेंडूची फुलं मिळाली नव्हती, शेवंती घातली. काडेपेटी घरीच राहिली म्हणून सौमित्र सायकलवरून परत गेला. मी आणि ती, दोघीच उरलो.

मला काय अवदसा आठवली कोण जाणे. मी बॉनेटवर हळद वाहिली, कुंकू वाहिलं. मग ताटातलं ब्लाउजपीस, नारळ आणि मूठभर तांदूळ घेऊन शेजारच्या सीटवर रीतसर ओटी भरली.

"घ्या सवतबाई," मी म्हणाले, "हळदीकुंकू घ्या. आणि पुन्हा या हं!"

सवाष्णीला निरोप देताना म्हणतात ना, तसंच. चेष्टेत.

इंजिन बंद होतं. सौमित्र आला नव्हता. पण सीट... खट्कन एक खाच पुढे सरकली.

मी बाहेर धावले. घरी येऊन तोंड धुवायला आरशासमोर उभी राहिले. सकाळी मी फक्त टिकली लावली होती.

टिकलीच्या वर बारीक बोटाने लावलेलं कुंकू होतं. शेजारी हळद. आणि जॅकेटच्या खिशात तांदळाचे पाच दाणे.

ओटी घेणारी त्यातले थोडे दाणे परत देते. हळदीकुंकू घेतलेली समोरचीला लावते. तिने रीत पाळली होती.

सौमित्रला सांगितलं तर तो म्हणाला, "तुझाच हात लागला असेल."

मग नोव्हेंबरचा तो रविवार. मी अ‍ॅमस्टरडॅमला बुइटनव्हेल्डर्टमध्ये मैत्रिणीकडे, ज्ञानदाकडे होते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. परत आले तर सौमित्र खुशीत शीळ घालत होता.

"आज काय मजा आली ना?"

"कसली मजा?"

"अगं, आपण फिरून आलो ती! किती दिवसांनी न भांडता बसलीस. एक शब्द बोलली नाहीस, पण बरं वाटलं."

मी ज्ञानदाबरोबरचे फोटो दाखवले. त्याने ते पाहिले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मग ती..."



विकतचं श्राद्ध, दुसरं काय! मी हट्टच धरला, गाडी विकायला लावली. फेब्रुवारीत आम्ही नवी इलेक्ट्रिक घेतली. चांगली पाच सीटची. सौमित्रने एकच अट घातली, बिल्ला तोच हवा. मालक आता दुसरे, देश दुसरा, पण नाव तेच. मी विचार केला, नावाने काय होतंय?

पहिल्याच आठवड्यात मी एकटी बाजारहाट करायला निघाले. शेजारची सीट रिकामी होती. पर्ससुद्धा मागे ठेवली होती.

बीप... बीप... बीप...

शेजारी कुणी बसलंय आणि बेल्ट लावलेला नाही, असं गाडी सांगत होती.

शोरूममध्ये तपासून घेतली. सेन्सर ठणठणीत आहे म्हणाले.

तेव्हापासून मी मागे बसते. कारण सांगितलेलं नाही. सौमित्रनेही विचारलेलं नाही.

गेल्या रविवारी निघालो तर पुन्हा वाजायला लागलं. सौमित्रने रस्त्यावरची नजरही हलवली नाही. हात लांब करून रिकाम्या सीटचा बेल्ट ओढला, अलगद, कुणाला टोचू नये असा, आणि खटकन लावला.

आवाज थांबला. ड्रॉपचा वास आला. सौमित्र शीळ घालायला लागला.

दसरा आठ दिवसांवर आलाय. हळदीकुंकू दिलं तर पुन्हा बोलावल्यासारखं होईल. नाही दिलं तर तिचा अपमान.

भीती वाटते का? वाटते. पण भीतीपेक्षा जळफळाट जास्त होतो. आमच्या लग्नाला अकरा वर्षं झाली, माझा बेल्ट त्याने एकदाही लावला नाही.