पुढचा की मागचा?

डोंगरावरून बुर्या वारा सुटला की आमच्या आयदोव्श्चिना गावात शहाणं माणूस सायकल बाहेर काढत नाही. मार्चमधल्या त्या मंगळवारी तर बाबांनी आमच्या सायकलच्या दुकानाचं दार आतून कडी लावून ठेवलं होतं. तेवढ्यात दारावर थाप पडली.

कडी काढली – तर आधी सायकल आत आली, मग तो. केस विस्कटलेले, नाक लाल, आणि छातीशी धरलेलं एक चपटं खोकं.

“दुकान उघडं आहे ना?”

“वाऱ्याने उघडलं,” मी म्हणाले. “आलाच आहात तर दार लोटा.”

दार लोटायला त्याला दोन्ही हात लागणार होते, म्हणून खोकं त्याने माझ्याकडे दिलं. बोटांना बोटं लागली... इतकी गार!

वरच्या चित्रावरूनच कळलं, खोक्यात ब्रेकच्या केबल होत्या. साध्या नव्हेत – घासून गुळगुळीत केलेल्या, वर लेप दिलेल्या, शर्यतवाले ज्यांच्याबद्दल कुजबुजत बोलतात त्या.

“बसवून द्याल?”

“देईन की. पण उगाच हौस आहे. साधी चांगली स्टीलची तार घ्यायची, बाहेरची नळी सरळ कापायची, दरवर्षी बदलायची. ब्रेक लोण्यासारखा लागतो. बाकी सगळं खोक्यावरचं चित्र.”

बाबा मागून खोकले. दुकानदाराच्या मुलीने असं बोलू नये, असा त्या खोकल्याचा अर्थ.

“मला फरक कळतो,” तो म्हणाला.

“खोकं बघितलं की सगळ्यांनाच कळतो.”

“डोळे मिटून कळतो.”

“डोळे मिटून ब्रेक लावता? मग तुम्हाला केबल नको, पाद्री हवा!”

तो हसला. असा हसला की माझंच वाक्य मला पुन्हा म्हणावंसं वाटलं.

नाव येर्नेय. नोव्हा गोरिच्याच्या संगीतशाळेत पियानो सुरात लावायचं काम, तेही वर्षभरापुरतं. हे सगळं मी विचारलं नव्हतं. विचारलं मी भलतंच – “पैज लावता? एका ब्रेकला ही महागडी तार, दुसऱ्याला साधी. वरची नळी दोन्हीकडे सारखीच काळी. आठ आठवडे चालवा आणि सांगा, महागडी कुठली – पुढची की मागची.”

“आणि ओळखलं तर?”

“तर... शेजारच्या विपावाला जेवायला येईन तुमच्याबरोबर.”

“नाही ओळखलं तर?”

“तर कारणं काढून या दुकानात यायचं नाही.”

“मी अजून कुठे कारण काढलंय?”

“काढाल,” मी म्हणून गेले आणि पान्हा शोधायला खाली वाकले. बराच वेळ सापडेना तो.

ते खोकं मी उघडलंच नाही. दोन्ही ब्रेकना साधीच तार घातली. मनात आलं – मारू दे बढाई आठ आठवडे, मग खरं सांगून पोटभर हसायचं, आणि हसून झाल्यावर... जेवायला तर जायचंच होतं.

दर शनिवारी तो प्रेदमेयाचा घाट चढून उतरायचा आणि थेट आमच्या दाराशी थांबायचा.

“आज पुढचा अगदी रेशीम!”

“असं?”

“पण मागचा रुसलाय.”

“रुसत नाही तो. मागची तार लांब असते, म्हणून जड लागतो.”

“हो का? मला वाटलं, तुमच्या दारातून हलायचं नाही म्हणतोय.”

एप्रिलमध्ये एकदा तो नखशिखांत भिजून आला. मी त्याचे हातमोजे शेगडीवर वाळत टाकले, बाबांनी वाडगाभर गरम योता सूप पुढे केलं. सूप पिता पिता त्याने माझ्या टेबलावरची एक उघडी तार ताणून धरली, बोटाने छेडली आणि म्हणाला, “ऐक... कसा सूर आहे बघ.” त्या एका वाक्यात तुम्हीचं तू झालं. मला तारेचा सूर काही ऐकूच आला नाही.

आठवा शनिवार आला. चेरी पिकल्या होत्या. तो येताना कागदी पिशवीभर घेऊन आला. दुकानात बाबा होते, शेजारचे फ्रान्त्सेल काका होते, सायकल क्लबची दोन-तीन पोरं मुद्दाम रेंगाळत होती. पैजेची बातमी गावभर झालेली.

“सांगा मग,” काका म्हणाले. “पुढचा की मागचा?”

येर्नेय माझ्याकडे बघत होता.

“दोन्ही सारख्या आहेत,” तो हळूच म्हणाला. “साध्या. पहिल्या दिवशी, पहिल्याच वळणावर कळलं होतं. तारांवरच तर पोट आहे माझं, तेया.”

“मग ते रेशीम... तो रुसवा...?”

“तुझ्याशी बोलायला काहीतरी हवं होतं ना.”

इतकं गोड मला त्याआधी कुणी बोललं नव्हतं, त्यानंतरही नाही. पण काकांनी मांडीवर थाप मारली – “अरे, पोरीलाच बनवलं की याने!” – आणि सगळं दुकान हसलं. माझे कान तापले. आठ आठवडे मी समजत होते, फसतोय तो. फसत होते मी.

“चूक,” मी म्हणाले. “पुढची महागडी होती. हरलात तुम्ही.”

हसणं थांबलं. त्याने माझ्या डोळ्यांत पाहिलं. मी खोटं बोलतेय हे त्याला कळलं, आणि त्याला कळलंय हे मला. ‘अरे, थट्टा केली...’ एवढंच म्हणायचं होतं. जिभेवर आलं होतं. जिभेवरच राहिलं.

“बरं,” तो म्हणाला. “मग हरलो.”

चेरींची पिशवी टेबलावर ठेवून तो गेला. आणि त्याने शब्द पाळला.

उन्हाळाभर शनिवारी मी खिडकीपाशीच काहीतरी काम काढून बसायची. तो रस्त्यावरून जायचा. दोनदा हात हलवला, मग तेही थांबलं. ऑगस्टमध्ये बाबा म्हणाले, “त्याचं खोकं तरी नेऊन दे. खाणार नाही तो तुला.”

“उद्या जाते.”

तो उद्या ऑक्टोबरच्या नऊ तारखेला उजाडला. संगीतशाळेचा शिपाई म्हणाला, “पियानोवाले? ते गेले की मारिबोरला. आठवडा झाला.” पत्ता दिला त्याने. पत्रं मी तीन लिहिली, टाकलं एकही नाही. हिवाळ्यात त्या केबल माझ्या सायकलला बसवल्या. चांगल्या होत्या. पावसात, लांब उतारावर ब्रेक किंचित हलका लागायचा... किंचितच.

चार वर्षांनी जूनमध्ये प्रेदमेयाच्या चढाची शर्यत होती. मी वर, हॉटेलापाशी अवजारं मांडून बसले होते.

“हवा भरायला पंप मिळेल?”

मान वर करायच्या आधीच आवाज ओळखला. कानशिलावर थोडे पांढरे केस, बाकी तोच. पंप त्याच्या हातात दिला आणि सवयीने सायकलकडे पाहिलं. हँडलपाशी एकही केबल नव्हती.

“यात तारच नाही,” तो म्हणाला. “ब्रेकमध्ये तेल, गिअरला बॅटरी. पैज लावायला काही उरलं नाही.”

“येर्नेय... तू बरोबर ओळखलं होतंस.”

“माहीत आहे.”

“तुला माहीत आहे, ते मलाही माहीत आहे. पण सांगायचं राहिलं होतं. मी शाळेत आले होते, ऑक्टोबरमध्ये.”

पंपावरचा त्याचा हात थांबला.

“मारिबोरची नोकरी मला जुलैतच मिळाली होती,” तो म्हणाला. “सप्टेंबर संपेपर्यंत लांबवली. रोज संध्याकाळी विचारायचो – माझ्याकडे कुणी आलं होतं का?”

“मग तूच का नाही आलास?”

“शब्द दिला होता.” त्याने पंप खाली ठेवला. “काय वेडे होतो आपण!”

“येर्नेय, सूप निवतंय!” हॉटेलाच्या ओट्यावरून एक बाई हाक मारत होती. कडेवर वर्षभराची मुलगी.

“इर्मा, माझी बायको,” तो म्हणाला. “चल, ओळख करून देतो.”

मी हातांचं ग्रीस पुसलं आणि गेले. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. इर्माने सरकून जागा केली, माझ्यापुढेही सूपचा वाडगा ठेवला, मुलीने माझं बोट धरलं.

“तुमची ओळख कशी?” इर्माने विचारलं.

“मला ही फार आवडायची,” येर्नेय सरळ म्हणाला.

“अगंबाई!” ती खळखळून हसली. “मग? पुढे काय झालं?”

सांगायचं त्याने माझ्यावर सोडलं.

“पैज हा जिंकला होता,” मी म्हणाले. “मीच सांगितलं, हरला म्हणून.”

इर्माचं हसू ओसरलं. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि काही न विचारता माझ्या वाडग्यात आणखी एक पळी सूप वाढलं.