तीस सेंटिमीटरच्या आत

कागदाचे दोन कोपरे धरून, खळीची बाजू पुढे करून, ती भिंतीकडे चालली होती. समोरून एक पाठ आली.

शर्ट ओला, खळ ओली. कागद असा बसला, जणू त्याच जागेसाठी छापला होता. “सॉरी हं,” म्हणत पाठीचा मालक तिला वळसा घालून तसाच पुढे निघाला. खांद्यावर पिवळ्या केबलची वेटोळी घेत, एकेक पाऊल मागे टाकत. केबल गुंडाळणारी माणसं अशीच उलटी चालतात. त्यामुळे तो लांब चालला होता आणि तोंड मात्र तिच्याकडेच होतं.

“अहो, थांबा जरा. माझा नियम तुमच्या पाठीवर आहे.”

तो थांबला. “कोणता?”

“सातवा. यंत्र वर काढताना केबल ओढायची नाही, तो.”

“तो मला पाठच आहे,” तो म्हणाला, आणि काढून घ्या म्हणून गुमान पाठ फिरवून उभा राहिला.

कागद अर्धा निघाला, अर्धा शर्टालाच राहिला. सातवा नियम तिला पुन्हा छापावा लागला. हसू आलं होतं, पण ते तिनं त्याची पाठ असतानाच उरकून घेतलं.

पोहण्याच्या त्या मोठ्या तलावावर पंधरा दिवसांनी विद्यार्थ्यांची स्पर्धा होती. पाण्याखाली काम करणारी यंत्रं मुलांनी स्वतः बनवून आणायची, तळाशी टाकलेल्या पाच कड्या उचलून आणायच्या. यंत्र चालवणारा पडद्यामागे बसणार, त्याला फक्त यंत्राच्या डोळ्यातून पडद्यावर दिसेल तेवढंच दिसणार. केबल धरणारा काठावर उभा राहणार. त्याला सगळं पाणी दिसणार, पण त्यानं एक अक्षर बोलायचं नाही. केबल सैल सोडायची, गोळा करायची, बस्स. अकरा संघ, दोन फेऱ्या, जी चांगली ती धरायची.

हे सगळे नियम तिनं लिहिले होते. ती इंजिनिअरिंगच्या प्रयोगशाळेत शिकवायची, आणि मुलं तिला पाठीमागे नियमबाई म्हणायची. तिला ते माहीत होतं. तीन वर्षांपूर्वी ती स्वतः याच स्पर्धेत उतरली होती. तेव्हाच्या परीक्षकांनी तिच्या यंत्राची चौकट मोजताना टेप अगदी कडेला लावून तिला बाद केलं होतं, आणि पुढच्या संघाची मोजताना ती सैल हातानं, कडेच्या आत धरली होती. त्या संघात त्यांचा भाचा होता. ती घरी गेली. रडली नाही, पण ते तिच्या मनातून कधी गेलं नाही. या वर्षी नियम लिहायचं काम आलं तेव्हा तिनं ते दोन्ही हातांनी घेतलं. इथे कुणी कुणाचा भाचा नसेल, एवढंच तिला हवं होतं.

पाठमोरा चालणारा नवव्या संघाचा केबलवाला होता. दोन वर्षं विजेच्या मोटारींच्या वाइंडिंगच्या दुकानात तारा गुंडाळायचं काम करून पुन्हा शिकायला आलेला, म्हणून वयानं तिच्याच बरोबरीचा. त्याच्या संघातले त्याला वेटोळ्या म्हणायचे.

नियमावलीत एक नियम असा होता, की शंका लेखीच विचारायची. प्रश्न आणि उत्तर दोन्ही फलकावर लागेल, म्हणजे सगळ्या संघांना सारखी माहिती. तिला वाटलं होतं, दहा-बारा शंका येतील. आल्याही. पण नवव्या संघाच्या शंका थांबेचनात.

‘केबल धरणाऱ्याने बोलायचे नाही, हे मान्य. हसले तर चालेल का?’

तिनं खाली लिहिलं, ‘हसण्याला दंड नाही. हसण्यातून खुणा केल्यास आहे.’

‘प्लग लावताना हात कोरडे असावेत. किती कोरडे?’

‘कागद चिकटणार नाही इतके.’

हे लिहून ती स्वतःच थबकली. पण लागला एकदा फलकावर. मग एके दिवशी चिठ्ठी आली, ‘नियम लिहिणारी व्यक्ती चहा पिते का?’

ती चिठ्ठी तिनं हातात धरून ठेवली… खूप वेळ. शेवटी लिहिलं, ‘प्रश्न स्पर्धेबाबत नाही. उत्तर देणे बंधनकारक नाही.’

दुसऱ्या दिवशी चौथ्या संघाचा लेखी अर्ज आला. नवव्या संघाने विचारलेली माहिती लपवू नये, सर्व संघांना ती सारखी मिळावी. खाली आणखी सहा संघांच्या सह्या होत्या. नियम तिचाच. काय करणार? तिनं लिहिलं, ‘पिते. साखर कमी.’

सकाळी तिच्या टेबलावर दहा कप होते.

तो अकराव्या कपाच्या जागी मोकळ्या हातानं आला. कपांकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं.

“तुम्ही नाही आणलात?” तिनं विचारलं.

“सगळेच आणणार हे कळल्यावर काय आणायचं? म्हटलं, कप परत न्यायला तरी कुणी लागेल.” आणि खरंच, दोन फेऱ्या घालून त्यानं सगळे कप उपाहारगृहात पोचवले. जाताना म्हणाला, “एवढ्यातला प्यालात कोणता?”

“प्रत्येकातला एक घोट. कुणावर अन्याय नको.”

“मग आता झोप नाही येणार.”

“येत नाहीच हल्ली,” ती बोलून गेली. मग टेबलावरच्या फायली नीट लावायला लागली, ज्या नीटच होत्या.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी दुपारी तपासणी होती. प्रत्येक यंत्राच्या वायरला एक फ्यूज असतो. वायर कुठे कापली गेली, तर तो जळतो आणि पाण्यातली वीज बंद होते. तो प्लगच्या जवळ हवा, प्लगच्या टोकापासून तीस सेंटिमीटरच्या आत, असा नियम. आठ संघ तिनं मोजले. टोकाला टेप, अंगठ्यानं दाबायची, आकडा वाचायचा, लाल सील लावायचं.

नवव्या संघाची वायर त्यानंच टेबलावर सरळ करून धरली. तिचा हात आणि त्याचा हात यांच्यात मावेल तर एक पेन्सिल मावली असती. त्यानं श्वास घेतला तो तिला ऐकू आला. तिनं टेप लावली. अंगठा दाबला. आकडा वाचला, साडेएकोणतीस. सील लावलं, सही केली.

“झालं?” तो म्हणाला.

“झालं.”

त्याला काहीतरी बोलायचं होतं. पण दहावा संघ यंत्र घेऊन मागे उभाच होता.

संध्याकाळी ती घरी बाबांच्या मशीनजवळ स्टुलावर बसली. बाबा शिंपी. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान. ते एका कोटाचं अस्तर शिवत होते.

“काय गं, गप्प?”

“बाबा, तुमचं माप कधी चुकलंय?”

“लग्नाआधी तुझ्या आईचा कोट शिवला होता. पाच वेळा माप घेतलं, पाच वेळा वेगळं आलं. हात सैल पडायचा. शेवटी भावाला बोलावलं, म्हटलं बाबा रे, हिचं तू घे.”

“मग?”

“मग कोट बसला झकास. आणि भावानं सगळ्या गल्लीत सांगितलं ते वेगळंच.” बाबांनी दोरा तोडला. “तुझं कुणाचं चुकलं?”

“एका वायरचं.”

“वायरचं होय,” बाबा म्हणाले, आणि फार काही न विचारता पुन्हा पाय हलवायला लागले.

तिनं हात पुढे धरला. अंगठा पाहिला. आठ वेळा तो प्लगच्या टोकाला बसला होता. नवव्या वेळी तो प्लगच्या मानेशी होता, दोन बोटं आत. आत्ता, या स्टुलावर बसून, तिला ते लख्ख दिसलं. टोकापासून ते माप बत्तीस भरलं असतं. तिनं ठरवून केलं नव्हतं. पण त्या परीक्षकांनी तरी ठरवून केलं असेल का? कदाचित त्यांचाही हात असाच सैल पडला असेल… भाच्याकडे पाहताना. हे मनात आलं आणि ती स्टुलावरून उठली.

तपासणाऱ्यानं भरायचा एक फॉर्म होता. स्पर्धकांपैकी कुणाशी नातं असेल तर लिहा. तोही तिनंच काढलेला, आणि तोही फलकावर लागायचा. मागच्या आठवड्यात तिनं त्यावर ‘नाही’ लिहून दिलं होतं. तिनं कोरा फॉर्म काढला. लिहिला तर उद्या परीक्षकाची शिट्टी हातातून जाईल, अकरा संघ वाचतील, आणि ज्याच्यासाठी लिहायचा त्यानं तर अजून तोंडानं काहीच म्हटलेलं नाही. नाही लिहिला, तर ती त्या परीक्षकांच्याच शेजारी जाऊन बसली. तिनं लिहिला.

सकाळी ती पाणबुडेकाकांकडे गेली. ते मुख्य परीक्षक. चाळीस वर्षं पुलांचे पाण्याखालचे खांब दुरुस्त केलेले, त्यामुळे कशानंच दचकायचे नाहीत. त्यांच्या टेबलापुढे आधीच एकजण उभा होता. वेटोळ्या. टेबलावर फाटलेलं लाल सील.

“सील तोडलंस?” काका विचारत होते.

“हो. फ्यूज बत्तीसवर होता. पहाटे पुढे घेतला. आता अठ्ठावीसवर आहे.”

“काल साडेएकोणतीस लिहिलंय. तपासलं कुणी?”

“कुणी का असेना. वायर आमची आहे. आम्हाला कळायला हवं होतं.”

“मी तपासलं,” ती मागून म्हणाली, आणि फॉर्म टेबलावर ठेवला.

काकांनी तो वाचला. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला.

“हे फलकावर लागेल, पोरी.”

“माहीत आहे.”

“काय लिहिलंय?” त्यानं विचारलं.

“तू फलकावर वाच,” काका म्हणाले. “आता ऐका. सील तोडलं, पहिली फेरी बाद. दुसरी मिळेल. आणि तू, आज शिट्टी माझ्याकडे दे. नऊ नंबरापुरतं नाही, आख्ख्या दिवसासाठी. आणि अकराच्या अकरा संघ मी स्वतः पुन्हा मोजणार.”

तिनं गळ्यातली शिट्टी काढून दिली. ती हलकीच होती, पण मान एकदम मोकळी मोकळी वाटली, नको इतकी.

काकांनी तासभर घेतला. बाकीची दहा मापं तिनं लिहिली होती तशीच निघाली, रेघेला रेघ. तोवर फलकापुढे गर्दी झाली होती. तिचा कागद मधोमध होता.

‘नाते: नाही. परंतु संघ क्रमांक नऊमधील एक व्यक्ती मला आवडते. त्यामुळे काल माझा हात निष्पक्ष राहिला नाही. मला वगळावे.’

नवव्या संघात चौघंजण. त्यांतला लांबुडका म्हणाला, “एक व्यक्ती म्हणजे मी असणार. मी त्यांना रोज गुड मॉर्निंग करतो.”

“तुला कुणी वगळलं तर बरं होईल,” यंत्र चालवणारी मुलगी म्हणाली. “फेरी गेली आपली, आणि याला गुड मॉर्निंग सुचतंय.”

वेटोळ्यानं तो कागद एकदा वाचला, मग केबल तपासायला निघून गेला. ती जिन्यावरून हे पाहत होती. रागावला, तिनं ठरवून टाकलं.

नववा संघ दुपारी एकदाच पाण्यात उतरला. ती सगळ्यांत वरच्या पायरीवर बसली होती. हातात कागद नाही, घड्याळ नाही. इतकी वर्षं ती काठावर होती, पण नुसतं बघायला अशी कधी बसलीच नव्हती. तो काठावर उभा होता. हातातून केबल जात होती, येत होती, कुठे ताण नाही, कुठे गुंता नाही. पाण्यात यंत्र एका कडीला दोनदा चुकलं. त्याला ते दिसत होतं, सगळ्यांना दिसत होतं. त्यानं ओठ घट्ट मिटले होते. त्यानं एकदाही पायऱ्यांकडे पाहिलं नाही.

चार कड्या आल्या. पाचवीला वेळ संपली. चौथा नंबर.

“पहिली फेरी असती, तर हात बसला असता,” चालवणारी मुलगी डोळे पुसत म्हणाली.

“ती खोट्या मापावरची फेरी झाली असती,” तो म्हणाला. “चार कड्या आणल्यास तू, आंधळेपणी. मी बघत होतो सगळं.”

बक्षिसं झाली, खुर्च्या उचलल्या गेल्या. तो पायऱ्या चढून वर आला आणि तिच्यापासून दोन पायऱ्या खाली बसला, पाण्याकडे तोंड करून.

“रागावला आहात,” ती म्हणाली.

“होतो. स्वतःवर. काल अंगठा कुठे बसला ते मला दिसलं होतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुमचा अंगठा नेमका माझ्याच वायरवर चुकला. वाटलं… माझ्यामुळे. ते मला फार आवडलं. रात्रभर आवडलं.” तो थांबला. “पहाटे नाही आवडलं. म्हटलं, हिनं एवढे नियम लिहिले आणि आपल्यापायी हिची सही खोटी पडली. म्हणून तोडलं सील.”

तलावाचं पाणी आता स्थिर झालं होतं. तळाच्या फरशा मोजता येत होत्या.

“मी परवा त्या वाइंडिंगच्या दुकानात परत रुजू होतोय,” तो म्हणाला. “माझं हे शेवटचं वर्ष होतं. पुढच्या वर्षी मी स्पर्धक नाही. तुम्ही बिनघोर नियम लिहा.”

“काका देतील लिहायला?”

“देणार म्हणाले. आत्ताच विचारून आलो.”

“माझ्या आधी तुम्ही विचारून आलात?”

“मला जास्त घाई होती.”

ती हसली. या वेळी कुणाची पाठ शोधली नाही.

“ऐक ना,” तो म्हणाला. “मला तू आवडतेस. त्या कागदात मात्र नाव नाही. चौघं आहोत आम्ही. लांबुडका अजून आशेवर आहे.”

“आज दिवसभर ज्यानं एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही, तो.”

“पाहिलं असतं, तर केबल सुटली असती हातातून.”

“आता काय आहे हातात?”

त्यानं आपले दोन्ही रिकामे तळवे पाहिले, आणि मग वर पाहिलं.