थांब, असं म्हणायचं होतं

नोव्हेंबरचा पाऊस बर्फ व्हायच्या बेतात होता. अमेरिकेतल्या ट्रॉय शहरातल्या त्या छोट्या पोलिश रेस्टॉरंटमध्ये ओल्या कोटांचा आणि लोण्यात परतलेल्या कांद्याचा वास कोंडला होता. एकही टेबल रिकामं नव्हतं. मालकीण दानुताबाईंनी दारात निथळत उभ्या असलेल्या मुलाकडे पाहिलं, मग कोपऱ्यात एकटीच सूप पीत बसलेल्या उपासनाकडे. आणि दोघंही इंडियन, एवढ्यावरच, न विचारता त्याला तिच्यासमोर आणून बसवलं.

त्याचं नाव यतीन. पुण्याचा, गाड्यांच्या ब्रेक्सचं सॉफ्टवेअर लिहिणारा. उपासना नागपूरची, जवळच्याच एका कंपनीत टेस्टिंगला. तिच्या फोनवरचा मराठी मेसेज दिसला तेव्हा त्याने जरा चाचरत विचारलं, इथे काय चांगलं मिळतं? तिने पिरोगी सांगितले. प्लेट आली. आत बटाटा आणि चीज भरलेले, उकडून लोण्यावर परतलेले ते पांढरे अर्धचंद्र तो बघतच राहिला.

"ही तर आपली करंजी," तो म्हणाला. "फक्त... हिला कोणीतरी आंघोळ घातलीय."

उपासना हसली. आणि आपण हसतोय, याचं तिलाच नवल वाटलं.

कारण तिकडे नागपूरला तिची आई, गिरजाबाई, वर्षभर हॉस्पिटलच्या आतबाहेर करत होत्या. हृदय थकलं होतं. उपासनाच्या पासपोर्टातला व्हिसा संपलेला. इथे राहून काम करायला हरकत नव्हती. पण एकदा देशाबाहेर पाऊल टाकलं, की परत यायला नव्याने मुलाखत, आणि मुलाखतीच्या तारखा मिळता मिळत नव्हत्या. ती रोज बाबांना फोन करायची. आई कशी आहे? बरी आहे, बाबा म्हणायचे. मग शनिवारी ती इथे येऊन ते आंबट पिठाचं सूप प्यायची. आईच्या आंबिलीची चव त्याला नव्हती, पण आंबटपणा तरी होता.

आता शनिवारी समोरची खुर्ची भरलेली असायची. यतीन बोलका होता. तो तिच्या कोबीच्या रोलवर हक्क सांगायचा, ती काटा आडवा धरायची. त्याने तिला हायवेवर बर्फात ड्राइव्ह करायला शिकवलं. कधीकधी बोलता बोलता दोघंही एकदम थांबायचे— आणि मग दोघांनाही खिडकीबाहेर बघावंसं वाटायचं.

त्याने तिचं आडनाव मात्र कधी विचारलं नाही. शेवटी तिनेच सांगितलं, रामटेके. लहानपणी दर रविवारी आईचं बोट धरून विहारात जायचे, हेही सांगितलं, आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. हे ऐकून बदललेले चेहरे तिने पाहिले होते. यतीनने विचारलं, विहारात तू काय करायचीस? ती म्हणाली, झोपायचे. त्या दिवशी घरी जाताना तिला कळलं की आपण या माणसावर प्रेम करतो, आणि तिला भीतीच वाटली.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी यतीन ठरवून आला होता. वाक्यसुद्धा तयार होतं. उपासना उशिरा आली. कोट न काढताच बसली. फोन तिच्या मुठीत होता.

"आज बाबा 'बरी आहे' म्हणाले नाहीत," ती म्हणाली.

मग ती सावकाश बोलत राहिली. डॉक्टरांनी आता आशा ठेवू नका म्हणून सांगितलंय. मी गेले तर परत येता येईल याची खात्री नाही. नोकरी जाईल. इथलं सगळं जाईल, आणि... तिने वर पाहिलं.

त्या 'आणि'नंतर कोण आहे, ते यतीनला कळलं. थांब, एवढा एकच शब्द त्याने उच्चारला असता तर ती कदाचित थांबलीही असती.

"जा," तो म्हणाला.

"परत नाही येता आलं तर?"

"तर नाही. पण आज जा."

तिकीट त्यानेच फोनवर बुक केलं. दानुताबाईंनी न सांगताच आणून ठेवलेल्या तिच्या सूपवर साय धरली होती.

एअरपोर्टवर तिने विचारलं, आज तू मला काहीतरी सांगणार होतास ना? तो म्हणाला, होतो, पण आत्ता सांगितलं तर तुला ते ओझं होईल. तिने त्याचा गार हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

"मग मीच सांगते. माझं प्रेम आहे तुझ्यावर. त्याचं पुढे काय करायचं... मला माहीत नाही."

गिरजाबाईंनी लेकीला ओळखलं. तिच्या हातून दोन घोट पाणी घेतलं. तिसऱ्या दिवशी त्या गेल्या.

मुलाखतीची तारीख दोनदा पुढे ढकलली गेली. मग कंपनीने उपासनाला, सॉरी, नोकरी आता ठेवता येणार नाही, असं कळवलं. यतीनने पुण्याला घरी तिच्याबद्दल सगळं, आडनावासकट, कळवलं तेव्हा त्याच्या आईने त्याच्याशी बोलणं टाकलं. फोनवर उपासना त्याला म्हणाली, तू तुझं आयुष्य बघ, माझ्यासाठी अडकू नकोस. पुढे काही आठवडे त्याचे फोन कमी झाले, आणि तिने मनाला समजावलं की हे असंच व्हायचं असतं.

मे महिन्यात, नागपूरचं ऊन पेटलेलं असताना, दुपारी फाटक वाजलं. बाबांनी दार उघडलं. बाहेर घामाने चिंब झालेला एक मुलगा उभा होता, मागे दोन मोठ्या बॅगा. त्याने वाकून नमस्कार केला, नाव सांगितलं. बाबांनी हे नाव ऐकलेलं होतं. त्यांनी त्याला आत बसवलं, पाणी दिलं. उपासना आतल्या दारात येऊन उभी राहिली.

"सुट्टी किती दिवसांची आहे?" बाबांनी विचारलं.

"सुट्टी नाही घेतली, काका," तो म्हणाला, आणि मग तिच्याकडे पाहिलं. "सोडून आलोय."

बाबांनी उघड्या दारातून बाहेर पाहिलं.

"मग बॅगा उन्हात कशाला ठेवल्या?" ते म्हणाले. "आत आणा."

यतीन उठायच्या आधीच उपासना बाहेर गेली होती.